‘जेल लागला’ म्हणावं का?

प्रश्न : दादरच्या एका शाळेत नववीच्या मुलांना सॉल-जेल पद्धत मराठीतून सांगायची आहे. सिलिका, अ‍ॅल्युमिना, टायटानिया यांसारखी सच्छिद्र ऑक्साइडं या पद्धतीने करतात. सॉल म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं कलिल, इथवर ठीक. पण त्याचा जेल होतो त्या क्रियेला काय म्हणू? गोठणे की थिजणे?

उत्तर : दोन्ही नकोत. त्यांत थंडी आहे. थिजलेलं तूप ऊब लागली की पुन्हा पातळ होतं. इथे टीईओएस (टेट्राइथॉक्सीसिलेन, म्हणजे सिलिकॉनला चार इथॉक्सी गट जोडलेलं द्रव संयुग), अल्कोहोल, पाणी आणि थोडं आम्ल एकत्र केलं की पाणी इथॉक्सी गट तोडतं आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असे बंध जुळत जातात. भांडंभर जाळं विणलं जातं, द्रव त्यातच अडकतो. तापवून ते परत पातळ होत नाही. दुधाचं दही लागतं तसाच हा जेल लागतो. मी तरी बिनदिक्कत ‘जेल लागला’ म्हणेन. मुंबईच्या जुलैत टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडची (टायटानिया करायला लागणाऱ्या द्रवाची) बाटली उघडली तर हवेतल्या दमटपणानेच तोंडाशी पांढरा थर धरतो, हेही मुलांना सांगा.

दुसरं मत : ‘लागला’ पटलं. पुढच्या पायरीला मात्र नुसतं ‘वाळवणे’ पुरत नाही. उघड्यावर वाळवताना छिद्रांतला द्रव मागे हटतो, पृष्ठताणाने भिंती आत ओढल्या जातात; जेल आक्रसतो, तडकतो. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या पिशवीत टाकतो ती सिलिका जेलची पुडी म्हणजे असा आक्रसून वाळलेला जेल. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ किस्टलरने १९३१ मध्ये द्रव क्रांतिक बिंदूपलीकडे (जिथे द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही) नेऊन काढला, तेव्हा ओढणारा पृष्ठभागच उरला नाही आणि जाळं जवळपास मूळ आकारात राहिलं. तो एरोजेल. कार्बन डायऑक्साइड वापरला तर हा बिंदू ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार दाबाला येतो. याला ‘द्रव काढून घेणे’ म्हणा.

आणखी एक : ‘सच्छिद्र’ शाळेत रुळलेला आहे, तोच ठेवा. छिद्रांचा आकार सांगताना २ नॅनोमीटरखाली सूक्ष्मरंध्री, २ ते ५० मध्यरंध्री, त्यापुढे बृहद्रंध्री. इथल्या ‘सूक्ष्म’चा मायक्रोमीटरशी संबंध नाही, हे आवर्जून सांगा. वाळलेला जेल शेवटी भट्टीत तापवतात, त्याला ‘भस्मीकरण’ म्हणू नका, मुलांना राख दिसेल. साधं ‘भाजणे’ बरं. उरलेला सेंद्रिय भाग जळून जाण्यापुरतंच भाजायचं. जास्त भाजलं तर कण एकमेकांत मिसळून छिद्रं बुजतात.