गिली त्रावंगानला ग्रुपने जाताना

नागपूरहून बालीला जाणारे आता पुष्कळ आहेत. तिथून पुढे, बालीशेजारच्या लोंबोक बेटाजवळच्या या बेटावर मोटारही नाही नि पेट्रोलची स्कूटरही नाही. जाऊन आलेल्यांनी कामाचं तेवढं लिहा.

धरमपेठेतून:
बालीच्या पादांगबाई बंदरातून फास्ट बोट दीड-दोन तासांत पोचवते. विमानतळ ते बंदर रस्त्यानेच दीडेक तास लागतो, म्हणून उतरल्या दिवशी बोट धरायची घाई नको. परतीची बोट आणि विमान तर एकाच दिवशी ठेवूच नका; वारा सुटला की बोटी रद्द होतात. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या आणि मागच्या बाकांवर बसा, पुढचा भाग फार आपटतो.

महालातून:
चाकांची बॅग वाळूत रुतते, सॅकच न्या. सामान जास्त असेल तर चिडोमो, म्हणजे तिथला घोड्याचा टांगा. भाडं माणशी की पूर्ण टांग्याचं, हे बसण्याआधी ठरवा. घोडा थकलेला दिसला तर टांग्यात फक्त सामान ठेवा, माणसांनी चालत जावं.

प्रतापनगरातून:
बेटाचा फेरा साधारण सात किलोमीटर. सायकल भाड्याने घेताना दोन्ही ब्रेक दाबून बघा, साखळी हाताने फिरवा; खाऱ्या हवेत ती गंजून अडकते. काही भागांत खोल वाळू आहे, तिथे उतरून ढकलावीच लागते. पहाटे निघा.

सदरमधून:
कासवं बघायची तर स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क लावून नळीने श्वास घेत पालथं तरंगणं, हवंच, आणि सगळा खेळ मास्कचा आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर दाबा, नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये वरच्या ओठाजवळून पाणी शिरतं. तिथे थोडं व्हॅसलिन चोळा. उतरण्याआधी तरंगणारं पान कुठे वाहतंय ते बघा, म्हणजे बाहेर कुठे निघायचं ते ठरवता येतं. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला. तलावातलं पोहणं वेगळं, इथे ओढ असते. शेजारचं गिली मेनो हाकेच्या अंतरावर वाटतं, पण मधला प्रवाह जोरदार आहे, पोहत जायची पैज कुणीही लावू नये. कासवाला हात लावू नका, प्रवाळावर उभे राहू नका: प्रवाळ मोडतो आणि पायाला झालेली जखम लवकर भरत नाही. आणि नागपूरच्या उन्हाची सवय इथे कामाची नाही. पालथं तरंगताना पाठ भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालूनच पाण्यात उतरा.