डॉल्फिन दाखवणं म्हणजे डॉल्फिनच्या मागे लागणं, असंच का?

खारंपाणी: तारकर्ली-देवबागला एवढ्यात कोणी डॉल्फिन ट्रिप केलीय का? एक पर पाण्यावर दिसला की आसपासच्या सगळ्या बोटी तिकडेच वळतात, इंजिन फुल, वर शिट्ट्या. आपल्याकडचे हे हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातलेच, तारली-बांगड्यामागे फिरणारे, मासे शोधायचे ते आवाजावर, त्यात चारी बाजूंनी इंजिनं घरघरली तर त्यांनी खायचं कसं? सोबत पिल्लू असेल तर विचारूच नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्याच पहिल्या शेड्युलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत हे. माझं म्हणणं एवढंच की 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत' हे बोर्ड आधी काढा, पाठलाग तिथून सुरू होतो.

देवबागकर: तुमका बोलूक काय जाता! मे संपता संपता बोटी वर ओढतो त्या थेट गणपतीनंतर पाण्यात. लांब उभी केली बोट तर बोटीतलेच ओरडतात, काका जवळ घ्या ना, रील काढायचाय. १९८७ ला मालवणात सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून बघतोय, नियम आला की पहिला आमच्या डोक्यावर. पर्ससीनवाले (मोठं जाळं गोल टाकून अख्खा थवाच ओढणारे) आणि रात्री एलईडी लावून मासळी उपसणारे, त्यांना कोण विचारतो? मासळीच नाय उरली तर डॉल्फिन काय वाळू खातला?

दोनपोरांचीआई: काका एकदम बरोबर. पुण्याहून पोरांना घेऊन एवढ्या लांब येतो ते रिकामं पाणी बघायला का 🙄

पाकोळी: रिकामं? हिवाळ्यात कुरव (सीगल) असतात, किनाऱ्यावरच्या झाडावर काकण (समुद्र गरुड हो) बसलेला असतो, आणि सुरय (टर्न पक्षी) जिथे धडाधड सूर मारतात तिथे खाली माशांचा थवा असतो, बऱ्याचदा डॉल्फिनही तिथेच. मग डॉल्फिनमागे धावण्यापेक्षा सुरय बघून लांबवर इंजिन मंद करून थांबा ना. आणि कुरवांना गाठिया टाकू नका, मुंबई-मांडवा बोटीवर तो तमाशा रोजचाच झालाय. फक्त आता पक्षी टूर म्हणून सगळ्यांना निवती रॉककडे नेऊ नका. तिथल्याच वेंगुर्ला रॉक्सच्या, म्हणजे समुद्रातल्या खडकाळ बेटांच्या, गुहेत पाकोळी पक्ष्यांची घरटी आहेत, लाळेची, सूपसाठी चोरून विकली जायची ती. उन्हाळ्यात तिथे उतरायचंच नाही, लांबून बघायचं.

देवबागकर: लाटेत ओकणाऱ्या पब्लिकला सुरय दाखवू? बघतील?

पाकोळी: कोणी दाखवला तर बघतील की. काकणाचं घरटं कुठल्या झाडावर, तारलीचा थवा कुठे लागतो, हे तुम्हाला बोटीवर चढण्याआधीच माहीत असतं, आणि टूरमध्ये तुम्ही बोलता काय तर 'तो बघा डॉल्फिन, तो बघा'!

दोनपोरांचीआई: खरं सांगू, आमच्या बोटवाल्याने काकण दाखवला तेव्हा धाकटा डॉल्फिनपेक्षा जास्त किंचाळला होता. पण त्यासाठी कोणी तिकीट काढेल असं मला नाही वाटत.

खारंपाणी: डॉल्फिनचे नकोच, तासाचे पैसे घ्या. दिसला तर दिसला. देवबागकर, तुम्ही काढाल का बोर्ड?

देवबागकर: सगळ्यांनी एकदम काढल्यांनी तर मीय काढतंय. एकट्यान काढलंय तर गिऱ्हाईक बाजूच्या बोटीत जातला.