मदत हवी आहे: अकरावी सायन्सला भाचीने कोणते विषय घ्यावेत? (हिंगोली जिल्हा)

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भाचीच्या अकरावीचा प्रश्न आहे. जाणकारांनी थोडा वेळ काढून उत्तर द्यावं ही विनंती.

भाची औंढा तालुक्यातल्या एका गावातली. यंदा दहावी झाली, पूर्ण मराठी माध्यमातून. गणित आणि विज्ञान दोन्हींत नव्वदच्या वर गुण आहेत. दाजींची शेती आहे, हळद आणि सोयाबीन. घरात सायन्सला जाणारी ही पहिलीच, त्यामुळे विचारायचं कुणाला तर मामाला, आणि मामा कॉमर्सवाला. म्हणून इथे लिहितोय.

पोरीचं म्हणणं एकच आहे, मला फिजिक्स शिकायचंय. हे डोक्यात कुठून आलं तेही सांगतो. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला सुमारे २६०० कोटींची मंजुरी दिली. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या, लेझर आणि आरसे. अवकाशात लांब कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी इथे मोजणार. शाळेत कुणीतरी येऊन याची माहिती सांगून गेलं आणि तेव्हापासून लेकराचा ध्यास तोच. गावातली माणसं त्या प्रकल्पाकडे जमिनीचे भाव आणि वॉचमनची नोकरी म्हणून बघतात. ही म्हणते, मी आत मशीनवर काम करणार. मला तिचं म्हणणं फार मोलाचं वाटतं आणि ते अकरावीच्या फॉर्मवर मरू नये असं वाटतं.

आता अडचण. नातेवाईक, शेजारी, शाळेतले काही सर, सगळ्यांचं एकच: एवढे मार्क आहेत तर बायोलॉजी घ्या, गणित सोडा, लातूरला टाका, मेडिकलची नीट परीक्षा द्या. मागच्या आठवड्यात एका क्लासचा माणूस घरी येऊन गेला. त्याची योजना अशी की प्रवेश एका खेड्यातल्या कॉलेजात नावापुरता घ्यायचा, दोन वर्षं बसायचं त्यांच्या क्लासमध्ये, कॉलेजात फक्त परीक्षेला जायचं. ताईने प्रॅक्टिकलचं विचारलं तर म्हणाला, "त्याची काळजी करू नका, तीस पैकी अठ्ठावीस मिळून जातात." भाची तिथेच बसलेली होती. तो गेल्यावर तिने मला फोन करून विचारलं, "मामा, मग प्रयोग कोण करणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला कळून घ्यायचंय ते हे. फिजिक्सकडे जायचं तर फक्त पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) पुरेसं आहे की बायोलॉजीसकट चारही विषय ठेवावेत? बायफोकलला, म्हणजे त्या व्यावसायिक विषयाला, इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तर फायदा होतो का? आणि कॉलेजात प्रयोगशाळा खरंच चालते की नाही, हे आमच्यासारख्या माणसाने ओळखायचं कसं? आता प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, पसंतीक्रम दहापर्यंत देता येतो, पण पोर्टलवर हे काही दिसत नाही. हिंगोली, वसमत, परभणी, नांदेड एवढ्या टप्प्यात चालेल.

लातूरकर_२४

दादा, मी स्वतः लातूरला दोन वर्षं काढलीत, नीटसाठीच. लातूरला नावं ठेवणार नाही. रोज अभ्यासाला बसायची शिस्त, दर आठवड्याची टेस्ट, चुका शोधून परत सोडवून घेणं, हे तिथे मनापासून होतं आणि शेतकऱ्यांची कितीतरी पोरं त्यावर डॉक्टर झाली. पण नीटच्या ७२० गुणांत निम्मे, ३६०, एकट्या बायोलॉजीचे. फिजिक्सचे १८०, आणि तेही ठरावीक साच्यातले प्रश्न भराभर सोडवण्याचे. ज्याला डॉक्टर व्हायचंय त्याच्यासाठी ही वाट. तुमच्या भाचीला ते व्हायचंच नाही, तर तिला तिथे पाठवून दोन वर्षं तिची आणि पैसे दाजींचे, कशाला?

गणित मात्र कुणाच्याही सांगण्यावरून सोडू देऊ नका. माझ्या रूमवरच्या दोघांनी सोडलं होतं. नीटला मार्क कमी आल्यावर इंजिनिअरिंगही नाही आणि बीएस्सीला फिजिक्सही नाही अशी गत झाली.

प्रयोगवही

पूर्णाकाठ भाऊ, नांदेड जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालोय. तुमच्या भाचीचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी विषयांचा हिशेब. बारावीला सहा विषय, सहाशे गुण. इंग्रजी सक्तीचं. दुसरी भाषा म्हणजे बहुतेकांची मराठी, किंवा तिच्या जागी आयटी. मग फिजिक्स, केमिस्ट्री, आणि उरलेल्या दोन जागांवर गणित, बायोलॉजी वगैरे. बायफोकल विषय एकटाच दोनशे गुणांचा असतो, तो दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय अशा दोन जागा घेतो. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स बायफोकल घेतलं तर बायोलॉजी आणि मराठी दोन्ही गेल्या. हे घरी नीट समजावून सांगा, बऱ्याच पालकांना दिवाळीनंतर कळतं.

इलेक्ट्रॉनिक्स मी चांगलं मानतो, पण एका अटीवर: शिकवणारा माणूस जागेवर पाहिजे आणि पोरांच्या हातात सोल्डरिंग गन पाहिजे. तसं असेल तर या मुलीला त्याचा उपयोग होईल, कारण अशा वेधशाळेत दिवसाचं निम्मं काम इलेक्ट्रॉनिक्सचंच असतं. तसं नसेल तर ते केवळ टक्केवारी वाढवायचं साधन उरतं. मग त्यापेक्षा चारही विषय ठेवलेले बरे.

चार विषयांच्या बाजूने आणखी एक कारण आहे. विज्ञानातच पुढे जायचं तर पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था डोळ्यासमोर ठेवा. त्यांच्या प्रवेशपरीक्षेत साठ प्रश्न असतात, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी प्रत्येकी पंधरा. चारांपैकी तीन विषय बारावीला असले तरी बसता येतं, पण बायोलॉजी सोडलेल्या मुलाचे ते पंधरा प्रश्न हातचे जातात. उलट आपल्या राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीत, पीसीएम गटात बायोलॉजी लागत नाही. तिथे गणिताला शंभर गुण, फिजिक्स-केमिस्ट्री मिळून शंभर, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सीईटीत अकरावीचा भाग साधारण वीस टक्के असतो, म्हणून क्लासवाले अकरावी उरकतात. जेईई आणि आयसरला मात्र दोन्ही वर्षं लागतात, आणि फिजिक्सचा पाया अकरावीतच आहे.

आता प्रयोगशाळेचं, कारण खरा प्रश्न तोच आहे. बोर्डात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी सत्तर लेखी आणि तीस प्रात्यक्षिक. गुण मिळतात हे तो माणूस खरंच बोलला. पण अकरावीचं पोर पहिल्यांदा व्हर्निअर कॅलिपर हातात घेतं तेव्हा काय होतं बघा. जबड्यात गोळा धरायचा, मुख्य पट्टीवरचं वाचन घ्यायचं, मग डोळा सरळ ठेवून व्हर्निअरची कितवी रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते शोधायचं, त्या आकड्याला ०.०१ सेंमीने गुणून मिळवायचं, शून्यत्रुटी वजा करायची. तोच गोळा पाच वेळा मोजला तर वाचनं थोडी थोडी वेगळी येतात. बहुतेक मुलं शेजाऱ्याच्या वहीत बघून पाचही सारखी लिहून टाकतात. एखादं पोर मात्र विचारतं, सर, हे वेगळं का आलं? लायगोचं अख्खं काम याच प्रश्नाभोवती आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या दोन्ही वेधशाळांनी जी पहिली लहर पकडली, तिने चार किलोमीटरच्या भुजेत केलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी लहान होता. तो खरा की जमिनीचा, वाऱ्याचा, रस्त्यावरच्या ट्रकचा, हे वेगळं काढणं म्हणजेच ते शास्त्र. ज्याने कधी स्वतःचं वाचन स्वतः घेतलं नाही त्याला ही गोष्ट पुस्तकातून उमगत नाही.

कॉलेज ओळखायची माझी पद्धत सांगतो. प्रवेशाच्या दिवशी जाऊ नका, साध्या कामाच्या दिवशी दुपारी जा, पोरीला घेऊन. मागच्या वर्षीच्या मुलांच्या प्रयोगवह्या बघायला मागा. सगळ्या वह्यांत एकच आकडे असतील तर समजून घ्या. मग डार्क रूम उघडायला सांगा आणि सोडियमचा दिवा लावायला सांगा. तो आधी लालसर दिसतो आणि काही मिनिटांत पिवळाधमक होतो. जिथे लॅब असिस्टंट खळखळ न करता दिवा लावतो, स्पेक्ट्रोमीटरवर धूळ नसते, मीटर ब्रिजच्या तारा तुटलेल्या नसतात, तिथे लॅब चालते. इमारत जुनी असली तरी चालेल.

आणि तिला हेही सांगा की बारावीच्या पुस्तकात तरंग प्रकाशिकीचं प्रकरण आहे. त्यात प्रकाशाचं व्यतिकरण येतं, म्हणजे दोन प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उजेड-अंधाराचे पट्टे उमटणं. लायगो त्याच तत्त्वावर चालतं.

सिडको_नांदेड

इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये इंजिनिअर आहे, शिक्षण नांदेडच्या एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजमधून. सरांशी सहमत. एक भर घालतो: "मशीनवर काम" म्हणजे शास्त्रज्ञच व्हावं लागतं असं नाही. निर्वात नळ्या, सेन्सर, नियंत्रणप्रणाली यांना इंजिनिअर आणि तंत्रज्ञ लागतातच. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, ही वाटही आहे. पण तिची ओढ "का" विचारण्याकडे दिसते, म्हणून मी अकरावीच सुचवेन.

गोदाकाठची_आई

भाऊ, खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. पुढे इंजिनिअरिंगकडे वळलीच तर कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, प्रवेश घ्या. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदं आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी तहसीलला रांगा लागतात. बीएस्सी किंवा आयसरला गेली तर बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ऐंशी हजारांची.

माझी मुलगी चारही विषय घेऊन बारावी झाली. ओझं आहे, खोटं सांगत नाही. तीन प्रयोगांच्या वह्या, गणिताचे दोन भाग, वर बायोलॉजीच्या आकृत्या. पण क्लासच्या जाण्यायेण्यात वेळ गेला नाही तर जमतं. मुलीला रोज एसटीने जायला लावू नका, कॉलेजजवळच वसतिगृह बघा.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा ताईला आणि दाजींना वाचून दाखवला. सरांनी सांगितल्याप्रमाणे भाचीला घेऊन कॉलेजं बघून आलो. एका ठिकाणी लॅबची किल्लीच सापडेना. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी स्वतः दिवा लावून दाखवला, पोरगी तो पिवळा होईपर्यंत जागची हलली नाही, आणि बाईंनी तिला स्पेक्ट्रोमीटरमधून बघायला दिलं. तिथे इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, पुढच्या वर्षी असतील की नाही ते त्यांनाच माहीत नाही. म्हणून चार विषय आणि मराठी असं ठरवलंय. ते कॉलेज पहिल्या पसंतीला टाकलं. दाजी म्हणाले, गणित ठेवा म्हणजे झालं, बाकीचं ती बघेल.

आता एकच शंका. तिचं सगळं शिक्षण मराठीत झालंय आणि अकरावीला सगळं इंग्रजीत. कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ आहे. तेवढ्यात काय करून घ्यावं?

प्रयोगवही

बालभारतीच्या संकेतस्थळावरून नववी-दहावीची विज्ञान आणि गणिताची इंग्रजी माध्यमाची पुस्तकं मोफत उतरवून घ्या. अकरावीचं पुस्तक आत्ता उघडू देऊ नका. नववीपासूनचा जो धडा तिला मराठीत येतो, तोच इंग्रजीत वाचायचा, मराठी पुस्तक शेजारी उघडं ठेवून. आशय माहीत असल्यामुळे अडखळत नाही. रोज एक धडा वाचायचा, आणि त्यातलं एक उदाहरण इंग्रजीत पूर्ण वाक्यांत लिहून काढायचं, नुसतं गणित सोडवायचं नाही. पहिल्या घटक चाचणीत मराठी माध्यमाच्या मुलांचे गुण पडतात ते लिहिता न आल्याने, कळलं नाही म्हणून नव्हे. त्या चाचणीला कमी आले तर घरच्यांनी विषय बदलायची घाई करू नये. आणि त्या बाईंना पहिल्याच आठवड्यात भेटून सांगा की मुलगी मराठी माध्यमाची आहे. ज्यांनी स्वतःहून दिवा लावून दाखवला त्या तिच्याकडे लक्ष देतील.