इंग्लंडात समुद्रकाठी कोस्टगार्डच्या जुन्या घरांची ओळ पाहिली, माहिती हवी आहे

पेन्शनर_बिबवेवाडी
नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात लेकीकडे ब्रायटनला होतो, तेव्हा जावई आम्हाला बर्लिंग गॅप म्हणून एक ठिकाण आहे तिकडे घेऊन गेला. ससेक्सच्या किनाऱ्यावर पांढरेशुभ्र खडूचे कडे, आणि कड्याला अगदी लागून चार घरांची एक ओळ, सगळी एकसारखी, भिंतीला भिंत. कोस्टगार्ड कॉटेजेस म्हणतात. जावई म्हणाला स्मगलर पकडायला बांधलीयेत, पण मला दोन गोष्टी कळल्या नाहीत. एक, समुद्राच्या बाजूला ओळ अशी अचानक संपते की तिकडे अजून घरं असणार असंच वाटतं. दुसरं, एवढ्या आडजागी सरकारने पक्की घरं का बांधावीत, गावात खोल्या मिळत नव्हत्या का त्या लोकांना? सौ. म्हणतेय विषय सोडा आता, पण डोक्यातून जात नाहीये. जाणकारांनी सांगावे.

शनवारातला
काका, जावईबापूंची गोष्ट खोटी नाही पण साधारण पन्नास वर्षं आधीची आहे. ही ओळ १८७८ची, तोपर्यंत तिकडची स्मगलिंग जवळपास संपली होती. तिचा खरा जोर अठराव्या शतकात, चहा, ब्रँडी, तंबाखू, लेस सगळ्यावर एवढा टॅक्स की रात्री होडीतून माल उतरवून घेणं हा किनाऱ्यावरच्या गावांचा जोडधंदाच होता, आणि गावात कोणाला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. १७८४मध्ये पंतप्रधान पिटने चहावरचा टॅक्स ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला तेव्हा चहाची चोरटी आवक बसली, बाकी मालाची चालूच राहिली. मग १८२२ला घोड्यावरून गस्त घालणारे, महसूल खात्याची जहाजं आणि होड्यांतून पहारा देणारं प्रिव्हेंटिव्ह वॉटर गार्ड हे सगळं एकत्र करून कोस्टगार्ड काढलं.

आता खोल्यांचं. कोस्टगार्डचा माणूस मुद्दाम लांबच्या गावाहून आणायचे, म्हणजे स्थानिकांशी सोयरीक नको आणि साटंलोटं नको. आता तुम्हीच सांगा, उद्या आपल्याच भावाला पकडून देणार आहे अशा परक्या माणसाला भाड्याने खोली कोण देईल? म्हणून मग सरकारी घरं, आपल्या पोलीस लाईनसारखी, एकाला एक लागून, जवळच टेहळणीची खोली आणि होडीची शेड, ऑफिसरचं घर बहुतेक ठिकाणी जरा मोठं. म्हणजे ती सोय होती तशी गावावरच्या अविश्वासाचीही खूण होती, मला तरी त्या घरांतली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट हीच वाटते.

१८५६मध्ये हे खातं नौदलाकडे गेलं आणि कामच बदललं. ही माणसं म्हणजे नौदलाची राखीव फौज झाली, युद्ध लागलं की जहाजावर जायचं, एरवी किनाऱ्यावर नजर ठेवायची, सिग्नल द्यायचे, जहाज फुटलं तर दोर टाकून माणसं ओढून काढायची. तुमची बर्लिंग गॅपची ओळ या काळातली. पण घरं ओळीत बांधायची जुनी पद्धत तशीच राहिली. टुरिस्टला काय, स्मगलरच जास्त आवडतात!

काळा_पाषाण
ओळ अचानक संपते कारण ती खरंच तोडलेली आहे. मुळात चारपेक्षा जास्त घरं होती. कडा मागे सरकत गेला तशी समुद्राकडची घरं एकेक करून पाडावी लागली, उरली ती चार. आपण बेसाल्टवर वाढलेली माणसं त्यामुळे आपल्याला हे पटत नाही, पण तो खडू इतका मऊ असतो की खालून लाटा पायथा खातात आणि वरून पावसाचं पाणी भेगांत शिरतं, थंडीत ते गोठलं की भेग अजून रुंद होते आणि एक दिवस अख्खा तुकडा खाली. वर्षाला सरासरी अर्ध्या मीटरच्या वर जातो, पण दर वर्षी तेवढाच असं नाही, चार वर्षं काही नाही आणि मग एका हिवाळ्यात धडाधड. कडे इतके पांढरे दिसतात तेही म्हणूनच, झीज थांबली तर वर गवत उगवेल. ती जागा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि त्यांनी भिंत वगैरे न बांधता निसर्गाला त्याचं काम करू द्यायचं ठरवलंय. तिथून जवळच बेल टाऊट नावाचं जुनं दीपगृह आहे, ते १९९९मध्ये अख्खं उचलून १७ मीटर मागे सरकवलं. बघितलं नसेल तर पुढच्या वेळी नक्की बघा, चालत जाता येतं.

मिसळ_जास्त_तर्री
पण कोस्टगार्ड तर १९७७चं ना? माझा मामेभाऊ आहे त्यात.

शनवारातला
अरे ते आपलं! आपलं १ फेब्रुवारी १९७७ला सुरू झालं आणि १९७८मध्ये त्याचा कायदा आला. गंमत म्हणजे कारण तेच, स्मगलिंग. कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावर सोनं, घड्याळं, कापड उतरत होतं आणि कस्टमच्या होड्यांना ते झेपेना, मग १९७४मध्ये रुस्तमजी कमिटी नेमली, तिने वेगळं दल हवं असं सांगितलं.

पेन्शनर_बिबवेवाडी
वा, सगळ्यांचे आभार. आता जावई म्हणतोय त्या घरांत नेमकं कोण राहायचं ते शोधू. हे असं कुठे सापडतं का?

वंशावळवाली
सापडतं की. मी एका मैत्रिणीच्या सासरचं शोधून दिलंय (सासू ब्रिटिश). तिकडची जनगणना दर दहा वर्षांनी, १८८१पासून बघा कारण घरं १८७८ची. कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव, वय, धंदा आणि जन्मगाव असतं. जन्मगावाचा रकाना नीट वाचा, बऱ्याचदा आयर्लंड नाहीतर कॉर्नवॉल असं लांबचं ठिकाण दिसेल, वर म्हटलंय ना लांबची माणसं आणायचे, ते तिथे कळतं. पोरांची जन्मगावं वेगवेगळी असतात त्यावरून बापाच्या बदल्यांचा नकाशाच तयार होतो. कोस्टगार्डच्या नोकरीची रजिस्टरं लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, ए.डी.एम. १७५ या नंबरखाली. जुने नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साईटवर फुकट, इंग्लंडचेसुद्धा. वेगवेगळ्या सालांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले की घरं किती होती आणि कडा कुठे होता दोन्ही दिसेल.

१९२१पर्यंतच शोधा. १९३१ची जनगणना आगीत जळाली आणि १९४१ला युद्धामुळे झालीच नाही. आणि जनगणनेची पानं दाखवणाऱ्या बऱ्याच साईट्स पैसे घेतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी जावयाला गावच्या लायब्ररीत विचारायला सांगा, बऱ्याच ठिकाणी या साईट्स तिथे बसून फुकट बघता येतात.