जुन्या रॅले फ्रेमचा सीट क्लॅम्प घासलाय, पिलर खाली सरकतो

खानापूरकर_२८इंची
आसनसोलची सेन-रॅले सायकल, २८ इंची चाकं, रॉड ब्रेकवाली (तारेऐवजी सळ्यांनी ओढले जाणारे ब्रेक). सीट कितीही आवळली तरी नंदगडच्या रस्त्याला दोन खड्डे गेले की पिलर (सीटचा दांडा) बोटभर खाली येतो. क्लॅम्पचे, म्हणजे पिलर आवळणाऱ्या फ्रेमच्या तोंडाचे, दोन्ही कान (ज्यातून बोल्ट जातो) वरच्या टोकाला एकमेकांना टेकलेत, खाली मात्र फट दिसते. नट आवळताना बोल्ट जागेवरच फिरतो. पिलरचं माप वर २५.३ मिमी, क्लॅम्पमध्ये बसतो तिथं २४.९. कान कापून बाहेरून कॉलर (आवळायची कडी) बसवा असा एक सल्ला मिळालाय. करू का?

उद्यमबाग_टर्नर
कान अजिबात कापू नका ओ. रॉड ब्रेकच्या २८ इंची फ्रेमला मागच्या चाकाकडून वर येणारे दोन पाइप बहुतेक वेळा ब्रेझिंग केलेले (पितळ वितळवून जोडलेले) नसतात, ते याच सीट बोल्टवर लटकतात. कान गेले तर ते पाइप कशावर बसवणार? म्हणूनच बोल्ट काढण्याआधी फ्रेमखाली लाकडी ठोकळा द्या.

आता खरी गोष्ट. तुमचा क्लॅम्प नुसता घासलेला नाही, तो बारीक पिलरवर आवळून आवळून वाकलाय. मूळ भोक २५.४ मिमीचं, म्हणजे एक इंची. तुमच्या पिलरला तिथं अर्धा मिमी कमी. ती उणीव भरून काढायला कान आत आले आणि वर टेकले. एकदा टेकले की पुढचा सगळा जोर कानातच जिरतो, पिलरला काहीच मिळत नाही. पाना लांब घेतल्यानं बोल्ट ताणला जाईल, एवढंच.

लेथवर २५.४ मिमीची भरीव सळी १२० मिमी लांब करून घ्या, पुढचे ३० मिमी निमुळते, टोकाला २४.५. भोक आतून रॉकेलनं साफ करा, पॉलिश पेपर फिरवा, तेल लावा आणि सळी वरून हळूहळू ठोकत आत न्या. कान आपोआप उघडतात. सळी आत असतानाच पितळी तुकडा मध्ये धरून कानांवर बारीक ठोके द्या, दोन्ही कान समांतर येईपर्यंत. फट २.५ ते ३ मिमी राहायला हवी. स्क्रू ड्रायव्हर घालून कान उचकटू नका, फटीच्या तळाशी चीर जाते. गरमही करू नका. आतला पितळी जोड सुटला तर काम फारच वाढेल.

निपाणी_सायकलवाला
वरचं बरोबर आहे, पण ठोकण्याआधी चीर तपासा. जागा पेट्रोलनं पुसा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसून खडू घासा. चीर असेल तर पांढऱ्यावर काळी ओली रेघ उमटते. बारीक चीर असेल तर तिच्या टोकाला २ मिमीचं भोक पाडा म्हणजे पुढं सरकत नाही, मग चांदीच्या ब्रेझिंगनं भरून घ्या. चांदीच का, तर ती पितळापेक्षा कमी उष्णतेला वितळते, कंपनीचा जोड हलत नाही. क्रोम असेल तर आधी घासून काढायला सांगा.

बोल्ट फिरतो त्याचं कारण वेगळं. डोक्याखाली एक बारीक नख असतं, ते खाचेत अडकतं म्हणून बोल्ट स्थिर राहतो. तुमचं नख किंवा खाच गोल झालीय. नख झिजलं असेल तर नवा बोल्ट घ्या. खाच गेली असेल तर षटकोनी डोक्याचा बोल्ट घाला, दोन्हीकडे वायसर, एका पान्यानं डोकं धरून दुसऱ्यानं नट. जुना बोल्ट इंची, ५/१६ चा असेल. त्यावर ८ मिमीचा नट एक-दोन आटे जातो आणि अडकतो, तिथं जोर केला की आटे संपले. बोल्ट-नट जोडीनंच बदला.

खानापूरकर_२८इंची
खडू लावून बघितला, चीर नाही. पिलर नवा करून घ्यायचा तर कुठला पाइप सांगू? आणि तोवर पत्रा गुंडाळून चालेल का?

उद्यमबाग_टर्नर
नळाचा एक इंची पाइप मागू नका, तो बाहेरून ३३ मिमीच्या वर भरतो. बाहेरून २५.४ असाच पाइप सांगा, भिंत किमान ३.२ मिमी. सीटची क्लिप बसते ते टोक २२.२ मिमीला उतरवावं लागतं. २ मिमी भिंतीचा घेतलात तर तिथं ०.४ मिमी उरेल आणि पिलर बरोबर त्याच पायरीवर मोडेल, सीटसकट. भरीव सळी चालते, पण २५ सेंमीला जवळपास १ किलो वजन. तयार २५.४ चा पिलर मिळाला तर सगळ्यात उत्तम.

तोवर पिलरभोवती ०.२ मिमीचा पितळी शिम (पातळ पट्टी) घाला. रुंदी ७६ मिमी, उंची ५५. वरच्या ५ मिमीला काप देऊन बाहेर दुमडा, नाहीतर शिम आत घसरतो. शिमची फट फ्रेमच्या फटीसमोरच आणा. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा पावसात स्टीलला लागून खातो, दोन महिन्यांत चुरा होतो. पिलर निदान ६५ मिमी आत राहिला पाहिजे.

निपाणी_सायकलवाला
पिलर स्टीलचा असला तरी आत ग्रीस लावाच. ग्रीसनं सरकत नाही. माप बरोबर असेल तर पकड तशीच राहते आणि पुढच्या वेळी पिलर निघतो तरी. खानापूरच्या पावसात पाणी त्या फटीतून थेट खाली पेडलच्या बेअरिंगपर्यंत उतरतं. जुन्या ट्यूबची ५ सेंमी रिंग कापून पिलरवरून सरकवा, फट झाकली जाईल. पहिल्या ५० किमीनंतर नट एकदा परत आवळा.