हात पंधरा मिनिटांत पूर्ववत झाला, तरी रात्रीच न्यायचं का?

जिज्ञासू:
एखाद्याचा उजवा हात अचानक लुळा पडला, जीभ जड झाली आणि पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. याला टीआयए म्हणतात, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोड्या वेळापुरता अडणं, एवढं कळलं. मग लकव्यात आणि यात फरक काय? सकाळच्या ओपीडीपर्यंत थांबलं तर चालेल का? घरात अ‍ॅस्पिरिन असेल तर द्यावी का?

रातपाळी:
थांबू नका, लगेच इमर्जन्सीत न्या. मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या 48 तासांत सगळ्यात जास्त असतो. मेंदूच्या नळीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळली म्हणून हात हलला, पण ती जिथून सुटली ती जागा तशीच आहे. मानेतल्या धमनीतला चरबीचा थर किंवा अनियमित धडधडणारं हृदय, असं काहीतरी मागे असू शकतं.

अ‍ॅस्पिरिन सीटी स्कॅननंतरच. लकवा मेंदूतल्या रक्तस्रावानेही होतो आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पाणीसुद्धा पाजू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर साखर बघा. ती फार उतरली की हुबेहूब लकव्यासारखं चित्र दिसतं.

आणि बीपी 190 दिसलं म्हणून घाबरून जास्तीची गोळी देऊ नका! अडलेल्या नळीपलीकडच्या मेंदूला रक्त त्या दाबामुळेच पोचत असतं.

मेंदूकडून:
फरकाबद्दल. पूर्वी 24 तासांत बरं झालं की टीआयए म्हणायचे. आता पाहतात ते मेंदूच्या पेशी मेल्या का, हे. डिफ्यूजन एमआरआयमध्ये (मेंदूची ताजी इजा दाखवणारा स्कॅन) मेलेला ठिपका दिसला तर लक्षणं दहा मिनिटांत गेली असली तरी तो स्ट्रोकच, म्हणजे लकवाच.

पुढे ईसीजी, मानेच्या धमन्यांचं डॉपलर (सोनोग्राफीसारखी तपासणी) किंवा अँजिओग्राफी (धमन्यांचं चित्रण). लक्षणं देणारी धमनी 70 टक्क्यांहून जास्त अरुंद असेल तर ती मोकळी करण्याचं ऑपरेशन शक्यतो दोन आठवड्यांत. जास्त धोक्याच्या टीआयएत अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (तशीच गुठळी रोखणारी गोळी) साधारण 21 दिवस जोडीने, मग एकच. इथे हमखास घोळ होतो: चिठ्ठीवर तारीख नसते, दोन्ही गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहतात आणि रक्तस्रावाचा धोका उगाच वाढतो. हृदयात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वर म्हटलेलं अनियमित धडधडणं, निघालं तर मात्र औषधच वेगळं, रक्त पातळ करणारं.

जिज्ञासू:
झोपेतून उठल्यावर तोंड वाकडं दिसलं तर वेळ कुठून मोजायची?

रातपाळी:
शेवटचं धडधाकट पाहिलं तिथून. दहाला नीट झोपला, सहाला उठला, तर घड्याळ दहापासून. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन एरवी साडेचार तासांच्या आतच देतात. तरीही वेळ गेली असं घरीच ठरवू नका. स्कॅनमध्ये वाचण्याजोगा भाग दिसला तर मोठी गुठळी कॅथेटरने (धमनीतून नेलेल्या बारीक नळीने) 24 तासांपर्यंतही काढता येते. सोबत चालू गोळ्यांची पाकिटं न्या आणि रक्त पातळ करणारी गोळी शेवटची किती वाजता घेतली ते लिहून ठेवा. इंजेक्शन द्यायचं की नाही, हे बऱ्याचदा त्यावर अडतं.