शिमगा ते अखेतीज : परसातले अनुभव

फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे आमच्या फाकपंचमीला, पहिली लहान होळी पेटते आणि तिथपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या (आमच्या अखेतीजेपर्यंतच्या) जेमतेम दोन महिन्यांत कोकणातल्या परसाचे रूप पुरते पालटते. ज्यांच्या घरी या काळातल्या एखाद्या सणाला बागेतले काम जोडलेले आहे, त्यांनी ते लिहावे, आणि दिवस पाळल्याने काम खरोखर साधते की नाही, हेही प्रामाणिकपणे लिहावे, एवढी विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करतो. गुहागरच्या बाजूला आमच्या वाडीत गावचा होम, म्हणजे मोठी होळी, लागल्याशिवाय भाजावळीला (पेरणीआधी जमीन भाजण्याला) काडी लावायची नाही, असा दंडक होता. दाढीच्या, म्हणजे भाताची रोपे करायच्या, जागेवर शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), पातेरा (वाळका पाला), गवत आणि वर मातीचा थर रचून ठेवलेला असे, पण आजोबा त्याला हात लावू देत नसत. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे सगळेच म्हणतात; आजोबांचा हिशेब मात्र दंवाचा होता. शिमग्याआधी पहाटेच्या दंवाने खालचा पातेरा ओला राहतो, आग वरवर धुमसते आणि तणाचे बी मातीत जिवंत राहते. भाजण्याने जमिनीतला सेंद्रिय अंशही जळतो, हे मला पटल्यामुळे मी भाजावळ बंद केली आहे, आणि आता भाताच्या रोपात बेणणीला (तण काढायला) दोन माणसे जास्त लागतात.

वेंगुर्ल्याहून

आमच्याकडे शिमग्याचा वास सुरंगीचा असतो. झाड वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही, पण फाल्गुनात त्याच्या जून फांद्यांवर थेट लाकडातून कळ्यांचे घोस फुटतात आणि खाली उभे राहिले तरी मधमाश्यांचा आवाज ऐकू येतो. कळी उमलण्याआधी काढावी लागते, म्हणून उजाडण्यापूर्वीच शिडी लावायची. ऊन चढले की फूल उघडते आणि मग त्याचा वळेसार (गजरा) नीट होत नाही. माझी आई पहिला वळेसार ग्रामदेवतेला दिल्याशिवाय स्वतःच्या केसांत माळत नसे. पालखी दारात येण्याच्या दिवशी झाडावर कळी असेलच असे नाही. ज्या वर्षी ती नसे त्या वर्षी आई आदल्या हंगामातली सुकलेली फुले डब्यातून काढून वाही. त्यांना वास तेव्हाही असे.

वसईहून

आमचा सण वेगळा असला तरी तोही चंद्रावरच चालतो, कारण ईस्टर हा 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार असतो. त्याच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, वाडीतल्या माडाची पाती चर्चमध्ये नेतो. लहानपणी मला गाभ्यातली पिवळी कोवळी पात हवी असे, कारण तिचा क्रूस सुबक वळतो. बाबा मात्र खालच्या झावळीची हिरवीच पात देत. माडाला वाढीचा कोंब एकच असतो आणि तो दुखावला की झाड गेले, हे त्यांनी मला त्या हट्टाच्या निमित्ताने शिकवले. आशीर्वादित पात वर्षभर घरात राहते आणि पुढच्या राखेच्या बुधवारासाठी जाळली जाते.

दापोलीजवळून

अखेतीजेला लावलेले क्षय पावत नाही, असे सासूबाई म्हणत आणि त्याच दिवशी पडवळ, दोडका, काकडी, भोपळा यांची आळी करत. बी चुलीच्या वर टांगलेल्या जून फळातून निघे, राखेत घोळले जाई, आणि आळ्यात शेणखताबरोबर एक ओंजळ जुनी माती पडे. मी लग्नानंतर हे सगळे मनापासून पाळले आणि 2023 मध्ये चांगलीच फसले. त्या वर्षी अक्षय्य तृतीया 22 एप्रिलला आली आणि मोसमी पाऊस दक्षिण कोकणात 11 जूनला पोचला. मधले पन्नास दिवस मी भांडी घासलेले पाणी बादलीने आळ्यांना घालत होते, कारण विहिरीत कळशी बुडण्याइतकेही पाणी उरले नव्हते. पडवळाचे तीन वेल हाती लागले, बाकी सगळे करपले.

पुढच्या वर्षी, अधिक श्रावण होऊन गेल्यामुळे, तीच तिथी 10 मे रोजी आली आणि सगळे सुरळीत झाले. 2025 मध्ये ती 30 एप्रिलला होती, पण पाऊस 25 मेलाच येऊन थडकल्यामुळे मांडव घालायच्या आधीच वेल चिखलात लोळले. सणाची तारीख तीन वर्षांत अठरा दिवसांनी मागेपुढे झाली आणि पावसाचीही जवळपास तितकीच, तेव्हा दोघांची गाठ पडली तर ते नशीबच म्हणायचे. मी सासूबाईंना हे कुरकुरत सांगितले, तर त्या हसल्या. त्यांच्या लहानपणी त्या दिवशी सगळे बी लावतच नसत. प्रत्येक जातीचे एकेक बी मातीला लावायचे, बाकीचे ‘आभाळ बघून’. हे मला बारा वर्षे कोणी सांगितले नव्हते! आता मी तसेच करते. पडवळ लोंबू लागले की त्याच्या टोकाला सुतळीने खडा बांधते, तो मात्र कोणत्याही वारी.

देवगडहून

दापोलीच्या ताईंनी मांडलेला हिशेब आंब्यालाही लागू आहे. गुढीला बांधलेल्या डहाळीवर कैरी असेल तर हंगाम वेळेवर, नुसता मोहोर किंवा कणी (नुकतेच धरलेले बारीक फळ) असेल तर उशिरा, असा आमच्या घरचा होरा होता. 2023 चा पाडवा 22 मार्चचा आणि 2024 चा 9 एप्रिलचा; अठरा दिवसांत कणीचा वाटाणा आणि वाटाण्याची सुपारी होते, म्हणजे होरा झाडापेक्षा पंचांगच जास्त सांगत होता. मोहोरावर खरी भीती मळभाची. दोन दिवस आभाळ भरून राहिले की तुडतुडे वाढतात आणि पानांवर चिकटा दिसू लागतो, त्या वेळी तिथी कोणी विचारत नाही.

अलिबागहून

आमच्या पांढऱ्या कांद्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचा स्वतःचा सण कोणताही नाही. उलट तो उपटायला येतो ऐन शिमग्यात, जेव्हा मजूर आपापल्या गावच्या पालखीला गेलेले असतात. पात थोडी ओलसर असतानाच माळ विणावी लागते, फार वाळली की ती तुटते आणि कांदे सुटे होऊन भाव पडतो. त्यामुळे होळीच्या रात्री आमच्या अंगणात दिवा लावून घरातली सगळी माणसे कांद्याच्या माळा विणत बसलेली असतात, आणि ढोल फक्त ऐकू येतात.